अनाथ पॅकेजं सांभाळायला मराठवाड्यातून कोण कोण येतंय?

मांजराकाठ, लातूर | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. आमच्या कॉलेजच्या लॅबमधली बरीच यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हती, पण यंत्रं धडधाकट आहेत. प्राचार्यांशी बोलून त्या यंत्रांवर डेबियन १३ ही लिनक्स सिस्टिम टाकली. लिब्रेऑफिस चालतंय, इनस्क्रिप्टवर मराठी उमटतंय, सी आणि पायथनची प्रॅक्टिकल सुरळीत होतायत.

अडलं एका ठिकाणी. शासकीय टायपिंग परीक्षेला बसणारी आमची पोरं सरावासाठी एक छोटा प्रोग्राम वापरायची. तो डेबियन १२ मध्ये होता, १३ मध्ये सापडेना. कारण शोधत गेलो आणि जे दिसलं ते सगळ्यांनी वाचावं म्हणून हा धागा काढतोय.

प्रोग्राम जुना, सी मध्ये लिहिलेला. त्यातल्या एका फाइलीत स्ट्रलेन हे फंक्शन वापरलंय, पण वर त्या फंक्शनची ओळख करून देणारी स्ट्रिंग डॉट एच ही हेडर फाइल जोडलेली नाही. जुने कंपायलर, म्हणजे कोडवरून चालणारा प्रोग्राम बांधणारी साधनं, अशा वेळी नुसता इशारा देऊन पुढं जायचे. डेबियन १३ चा कंपायलर जीसीसी १४ आहे, आणि १४ पासून ही गोष्ट थेट एरर धरली जाते. बांधणी तिथंच थांबते. पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार केलेला प्रोग्राम) बांधलं जात नसेल तर डेबियनच्या नियमानं तो गंभीर बग. असा बग मुदतीत सुटला नाही की पॅकेज टेस्टिंग शाखेतून, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या तयारीतून, आपोआप बाहेर जातं, आणि जे टेस्टिंगमध्ये नाही ते पुढच्या स्टेबलमध्येही, म्हणजे पक्क्या आवृत्तीतही, नाही. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी बाहेर पडलं आणि आमचा प्रोग्राम मागं राहिला.

हेडर जोडणारी एक ओळ घातली की तो बांधला जातो आणि व्यवस्थित चालतो. ती एक ओळ घालायला कोणी नव्हतं, कारण मेंटेनरनं, म्हणजे सांभाळणाऱ्यानं, ते पॅकेज आधीच अनाथ (वाली नसलेलं) म्हणून जाहीर केलं होतं. त्यांनी योग्यच केलं. वेळ मिळत नाही हे उघड सांगणं गप्प बसण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

डेबियन १३ मध्ये सुमारे ७० हजार पॅकेजं आहेत. ती सांभाळणारी माणसं बहुतेक स्वयंसेवक. आपल्याकडं किती कॉलेजांत, पतसंस्थांत, छोट्या ऑफिसांच्या सर्व्हरवर हे सगळं रोज वापरात आहे! आपण घेतो भरपूर, सांभाळणाऱ्यांत मात्र आपल्या भागातलं कोणी सहसा दिसत नाही. मला हे मनापासून खटकतं.

एक करून बघा. डेवस्क्रिप्ट्स हे पॅकेज टाका आणि डब्ल्यूएनपीपी-अलर्ट ही कमांड चालवा. तुमच्याच यंत्रावरची कोणती पॅकेजं अनाथ आहेत, कुणाला मदत हवीय, कुणाचा मेंटेनर दुसऱ्याकडं सोपवायच्या तयारीत आहे, अशी यादी समोर येते. हाऊ-कॅन-आय-हेल्प नावाचंही एक पॅकेज आहे, ते नवीन काही इन्स्टॉल केलं की आपणहून सांगतं.

टायपिंगचं पॅकेज मी घेतोय. बगचं शीर्षक बदलून दत्तक घेत असल्याची नोंद केलीय. तुमच्यापैकी कोण कोण येतंय?

——

खामनदी, छत्रपती संभाजीनगर | शुक्रवार, रात्री १०:२५

सर, तळमळ पोचली. पण व्यवहाराचं विचारतो. ती एक ओळ घाला, डेब फाइल (डेबियनवर इन्स्टॉल करायची फाइल) बनवा, लॅबमध्ये सगळीकडं टाका, काम संपलं. किंवा फ्लॅटपॅक वापरा, ते कुठल्याही लिनक्सवर चालतं. एका टायपिंगच्या प्रोग्रामसाठी मेंटेनर, स्पॉन्सर (आपलं काम तपासून चढवणारा), डिजिटल किल्ल्यांवर सह्या हे सगळं कशाला लावून घ्यायचं?

——

मांजराकाठ, लातूर | शुक्रवार, रात्री ११:०५

@खामनदी, लॅबसाठी तेच केलंय. पोरांचा सराव थांबवला नाही.

पण ती डेब फाइल माझ्या लॅबपुरती. उदगीरच्या किंवा देगलूरच्या एखाद्या शिक्षकाला हाच प्रोग्राम हवा असेल तर त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध. आणि प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. जीसीसी १५ मध्ये सी ची २०२३ ची प्रमाण आवृत्ती ही आपोआप धरली जाते. तिच्यात फंक्शनच्या नावापुढचा रिकामा कंस म्हणजे 'एकही आर्ग्युमेंट (फंक्शनला द्यायचं मूल्य) नाही' असाच अर्थ होतो. जुन्या कोडमध्ये रिकामा कंस ठेवून नंतर खुशाल दोन-तीन आर्ग्युमेंट पाठवलेली असतात. आमच्या प्रोग्राममध्ये बटण दाबल्यावर चालणारी सगळी फंक्शन्स तशीच जाहीर केलेली आहेत. म्हणजे डेबियन १४ च्या वेळी तो पुन्हा अडणार हे आत्ताच दिसतंय. हे काम एकदा मूळ कोडमध्ये आणि पॅकेजमध्ये नीट झालं की जगात कुठंही कोणी तो इन्स्टॉल करो, त्याला काही करावं लागणार नाही.

फ्लॅटपॅकलाही कोणीतरी सांभाळावंच लागतं. त्याच्या खालच्या रनटाइमची, म्हणजे त्याला लागणाऱ्या लायब्ररींच्या संचाची, मुदत संपते, मग ते पुढच्या रनटाइमवर न्यावं लागतं. आणि एवढ्याशा प्रोग्रामसाठी शेकडो एमबीचं रनटाइम लॅबच्या प्रत्येक यंत्रावर उतरवायचं हे मला पटत नाही.

——

गोदातीर, नांदेड | शनिवार, सकाळी ७:१५

मांजराकाठ सर, वाचून लई बरं वाटलं. मी डेबियनवाला नाही, फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त सिस्टिमचे काही पोर्ट (प्रोग्राम बांधायच्या कृती) सांभाळतो. तिथली रीत सांगतो, कारण ज्यांना डेबियनच्या पायऱ्या जास्त वाटतात त्यांना हा दरवाजा सोपा पडेल.

फ्रीबीएसडीत मूळ सिस्टिम वेगळी आणि बाहेरचं सॉफ्टवेअर वेगळं. बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी पोर्ट्स ट्री, त्यात तीस हजारांहून जास्त पोर्ट. प्रत्येक पोर्ट म्हणजे एक छोटी डिरेक्टरी. मेकफाइल, डिस्टइन्फो, वर्णनाची फाइल, आणि कोणकोणत्या फाइली कुठं जाऊन बसतात त्याची पीकेजी-प्लिस्ट. मेकफाइलमध्ये मेंटेनर नावाची एक ओळ असते. तिथं ईमेल पत्ता लिहायला कमिटर (बदल थेट आत घालायचा अधिकार असलेला) असावं लागत नाही. ज्याला कोणी वाली नाही त्या पोर्टवर सामायिक पोर्ट्स यादीचा पत्ता असतो, तो दिसला की समजायचं जागा मोकळी आहे.

नवी आवृत्ती आली की पोर्टस्काउट ही सेवा मेल करते. मग आवृत्तीचा आकडा बदलायचा आणि मेक मेकसम चालवायचं. टारबॉल, म्हणजे मूळ कोडची गठडी, उतरतो, त्याचा शा-२५६ (फाइलीचा ठसा) आणि आकार डिस्टइन्फोत नोंदला जातो. इथंच पुष्कळ लोक थांबतात आणि म्हणतात झालं अपडेट. खरं काम इथून पुढं आहे. जुना आणि नवा टारबॉल दोन्ही उघडून फरक वाचायचा. नवी लायब्ररी लागते का, एखादा पर्याय काढून टाकलाय का, लायसन्स बदललंय का. माझ्या एका पोर्टच्या नव्या आवृत्तीत मॅन्युअलचं पान एका डिरेक्टरीतून दुसरीकडं हललं होतं, एवढंच. प्लिस्ट जुनीच ठेवली असती तर बांधणी पार पडली असती, पण पॅकेज तयार होताना फाइल सापडली नसती.

तपासायला पूड्रिएर आहे. ते प्रत्येक वेळी स्वच्छ जेल (बाकी सिस्टिमपासून वेगळी खोली) उभा करून आत बांधतं, त्यामुळं माझ्या यंत्रावर आधीपासून पडलेली लायब्ररी चुकून वापरली गेली असं होत नाही. सगळं हिरवं झालं की बगझिला या बगांच्या नोंदवहीवर पॅच (बदलाची फाइल) चढवायचा, कमिटर बघतो आणि आत घेतो. मेंटेनर दोन आठवडे उत्तर देत नसेल तर त्याच्यावाचूनही बदल आत जाऊ शकतो. हा नियम मला फार आवडतो. कुणाचा अपमान नाही आणि काम अडत नाही.

नांदेडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना मी हेच सांगतो, की स्वतः रोज वापरता असं काहीतरी घ्या. जे वापरत नाही ते मोडलं तर कळणारच नाही.

——

काळीमाती, परभणी | शनिवार, दुपारी १:३०

मी कॉम्प्युटरवाली नाही, माती परीक्षणाचे नकाशे करते. त्यासाठी क्यूजीआयएस हा नकाशांचा प्रोग्राम लागतो. डेबियनमधली आवृत्ती थोडी मागची आहे आणि मला एका नव्या सोयीची गरज आहे. नेटवर कुणीतरी उबुंटूचा पीपीए (पॅकेजांचा वेगळा साठा) जोडायला सांगितलंय, दुसरा म्हणतो सिडची, म्हणजे डेबियनच्या कायम बदलत्या शाखेची, ओळ टाका. तुम्ही सांभाळायचं म्हणताय, मी तर फक्त घेणारी. घेणाऱ्यानं काय करावं तेही सांगा.

——

बालाघाट, अंबाजोगाई | शनिवार, दुपारी ३:५०

ताई, दोन्ही करू नका. उबुंटूसाठी बांधलेलं पॅकेज उबुंटूच्या लायब्ररींवर बांधलेलं असतं. डेबियनवर ते आज बसेलही, पण पुढच्या अपडेटला लायब्ररींची ओढाताण सुरू होते. सिडची ओळ टाकली तर एका क्यूजीआयएससाठी सी ची मूळ लायब्ररीसुद्धा वर सरकते आणि मग परत खाली येता येत नाही. अशी अर्धी ही, अर्धी ती सिस्टिम दुरुस्त करायला लोक माझ्याकडं येतात, आणि बहुतेकदा नवीन इन्स्टॉल करण्यापलीकडं उपाय उरत नाही.

आधी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स बघा. टेस्टिंगमधलं नवं पॅकेज स्टेबलवर बांधून तिथं ठेवलेलं असतं. ते आपणहून चढत नाही, नाव घेऊन मागावं लागतं, त्यामुळं बाकी सिस्टिम जागच्या जागी राहते. तिथं नसेल तर क्यूजीआयएस प्रकल्पाचीच डेबियनसाठी वेगळी रिपॉझिटरी (पॅकेजांचा साठा) आहे. ती घेताना दोन गोष्टी पाहा. एक, तिच्यात तुमच्या आवृत्तीचं, म्हणजे ट्रिक्सीचं, नाव आहे ना. दोन, तिची डिजिटल किल्ली (पॅकेज खरं आहे का हे तपासणारी) ईटीसी-एपीटी-कीरिंग्जमध्ये ठेवून साइन्ड-बाय नं त्याच एका रिपॉझिटरीला बांधा. पूर्वी सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात टाकायचे, म्हणजे एका रिपॉझिटरीच्या किल्लीवर दुसऱ्याचंही पॅकेज खरं मानलं जायचं. ते बंद झालं हे उत्तम झालं.

आता मूळ विषयाकडं येतो, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

खामनदीनं विचारलं एवढी उठाठेव कशाला. २९ मार्च २०२४ आठवा. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर. डेबियन सिडवर काही मोजमाप करताना त्यांना दिसलं की एसएसएचनं, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षित शिरायच्या सोयीनं, लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. तेवढ्यावरून खणत गेले आणि एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत मागचा दरवाजा सापडला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या, सुरक्षेच्या त्रुटींच्या यादीत सीव्हीई-२०२४-३०९४. डेबियन स्टेबलमध्ये त्या पोचल्या नव्हत्या, टेस्टिंग आणि सिडमध्ये पोचल्या होत्या.

हे पॅकेज करणाऱ्यानं का वाचावं? कारण लबाडी टारबॉलमध्ये होती. घातक माल चाचणीच्या फाइली म्हणून गिटमध्येही (कोडच्या बदलांच्या उघड नोंदवहीत) ठेवलेला होता, पण त्याला कामाला लावणारा बिल्ड-टू-होस्ट डॉट एमफोर या बांधणीच्या फाइलीतला तुकडा फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होता. गिट वाचणाऱ्याला तो दिसणारच नव्हता. म्हणून मी म्हणतो, अपस्ट्रीमचा, म्हणजे मूळ लेखकांचा, टारबॉल घेता तेव्हा तो त्याच आवृत्तीच्या गिट टॅगशी ताडून पाहा. कॉन्फिगरसारख्या यंत्रानं बनवलेल्या फाइलींचा फरक येणारच, पण तो का आला हे सांगता आलं पाहिजे. शक्य असेल तिथं त्या फाइली टाकून देऊन बांधताना नव्यानं तयार करा.

दुसरी बाजूही आहे. त्या लायब्ररीचे मूळ लेखक लासे कॉलिन यांनी २०२२ मध्येच लिहिलं होतं की मानसिक आरोग्याच्या अडचणींमुळं आपल्याकडून काम कमी होतंय आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे. त्या काळात काही जण त्यांना मेल करून 'लवकर करा, नाहीतर दुसऱ्याला द्या' असा तगादा लावत होते. मदतीला आलेला माणूसच पुढं घातकी निघाला. आपण वापरणारे लोक अशा एकट्या माणसाला कसं वागवतो याचा विचार प्रत्येकानं करावा. बग कळवताना चार ओळी जपून लिहा. आवृत्ती कोणती, काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. आणि आभार.

विहीर एकदाच खोदतात, गाळ मात्र दर उन्हाळ्याला काढावा लागतो. गाळ काढणाऱ्याचं नाव कुणी विहिरीवर कोरत नाही म्हणून त्याचं काम कमी ठरत नाही.

——

खामनदी, छत्रपती संभाजीनगर | शनिवार, सायंकाळी ६:१०

काका, एक्सझेडचं माहीत होतं, पण टारबॉल आणि गिटमधला हा फरक इतका स्पष्ट कळला नव्हता. मग उलटा प्रश्न. मेंटेनरच्या हातात एवढी ताकद असेल तर मेंटेनरवर तरी विश्वास का ठेवायचा? तोही कोडमध्ये पॅच घालतोच की.

——

बालाघाट, अंबाजोगाई | शनिवार, सायंकाळी ७:३०

अगदी रास्त प्रश्न. याचंही उदाहरण डेबियनमध्येच आहे. २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या पॅकेजमध्ये एका तपासणी साधनाचे इशारे बंद करायला दोन ओळी काढल्या गेल्या. त्यामुळं यादृच्छिक आकड्यांचा झराच आटला, फक्त प्रोसेसचा क्रमांक तेवढा शिल्लक राहिला. एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीसाठी फक्त ३२,७६८ शक्यता! हे मे २००८ मध्ये लुसियानो बेलो यांच्या लक्षात आलं. तोवर बनलेल्या असंख्य किल्ल्या बदलाव्या लागल्या.

म्हणून पॅच नेहमी वेगळा ठेवतात, डेबियन डिरेक्टरीतल्या पॅचेसमध्ये. मूळ टारबॉल जसाच्या तसा राहतो. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर तो कशासाठी, कुणी लिहिला, अपस्ट्रीमला पाठवला का, हे लिहायचं. पाठवला नसेल तर का नाही तेही. कुणीही परका माणूस येऊन पॅकेजरनं नक्की काय बदललं हे वाचू शकला पाहिजे. वर रिप्रोड्युसिबल बिल्ड्सचं काम चालू आहे. एकाच सोर्सवरून दोघांनी वेगवेगळीकडं बांधलं तर बाइट ना बाइट सारखं पॅकेज यावं. तसं आलं की बांधणाऱ्या यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

——

शब्दवेल, जालना | शनिवार, रात्री ९:००

भाषांतराचंही बोला ना कोणी! मी काही प्रोग्रामच्या मराठी पीओ फाइली (भाषांतराच्या फाइली) करते. डेबियनचा इन्स्टॉलरसुद्धा मराठीत उघडतो, ते कुणीतरी बसून केलेलं काम आहे. पण प्रोग्रामची नवी आवृत्ती येते, मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द बदलतो, आणि माझं मराठी वाक्य फझी (पुन्हा तपासायचं) ठरून बाजूला पडतं. मेनू अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी दिसायला लागतो आणि लोक म्हणतात मराठी भाषांतर कच्चं आहे.

मांजराकाठ दादा, तुम्ही डेबकॉन्फचे, म्हणजे इन्स्टॉल करताना विचारले जाणारे, प्रश्न असलेलं पॅकेज कधी घेतलंत तर अपलोड करण्याआधी पीओडेबकॉन्फ-रिपोर्ट-पीओ नं भाषांतर करणाऱ्यांना मेल जाऊ द्या आणि थोडे दिवस थांबा. आणि टायपिंगच्या प्रोग्रामची पीओ फाइल असेल तर पाठवा. 'होम रो'सारखे शब्द टायपिंग क्लासच्या बाईंना विचारून घेईन, त्यांच्याकडं रोजच्या वापरातले शब्द असतात.

——

मांजराकाठ, लातूर | शनिवार, रात्री ९:२०

ताई, पीओ फाइल आहे, मराठी नाही. उद्याच पाठवतो. भाषांतर अपस्ट्रीमकडंच देऊ, म्हणजे सगळ्याच सिस्टिमवर जाईल.

——

पिंपळपार, हिंगोली | रविवार, सकाळी ८:४५

आमच्या शाळेत देणगीत आलेली जुनी यंत्रं आहेत. डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही असं कळलं. म्हणजे आमचं काय? आणि नेट मोबाइलचं, अपडेट करायचं म्हणलं की डेटा संपतो.

——

गोदातीर, नांदेड | रविवार, सकाळी १०:१०

गुरुजी, आधी खात्री करा की ती यंत्रं खरंच ३२ बिटची आहेत. पुष्कळदा सिस्टिम ३२ बिटची टाकलेली असते, प्रोसेसर ६४ बिट चालवू शकतो. कोअर टू ड्युओ असेल तर नक्कीच चालतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून एलएससीपीयू ही कमांड द्या, ऑप-मोडच्या ओळीत ३२ आणि ६४ दोन्ही दिसले की निश्चिंत राहा.

डेटासाठी एका यंत्रावर एपीटी-कॅशर-एनजी टाका आणि बाकीच्यांना एपीटीचा (पॅकेजं आणणाऱ्या साधनाचा) प्रॉक्सी म्हणून त्याच यंत्राचा पत्ता द्या, नेटवर्कचा पोर्ट ३१४२. पॅकेज एकदाच नेटवरून उतरतं, बाकी यंत्रं शाळेतल्या शाळेत घेतात.

——

सुरुवातकर, नांदेड | रविवार, दुपारी १२:३०

मी सेकंड इयरला आहे. लॅपटॉप ४ जीबीचा. सी येतं, इंग्रजी बेताचंच. मेलिंग लिस्टवर लिहायची भीती वाटते. मला जमेल का?

——

मांजराकाठ, लातूर | रविवार, दुपारी २:१५

जमेल बाळा. ४ जीबीवर ब्राउझर किंवा लिब्रेऑफिस बांधू नको, पण सी मधली छोटी पॅकेजं आरामात बांधली जातात.

इंग्रजीची फार काळजी करू नको. बगवरची पत्रं छोटी आणि मुद्द्याची असतात, लिहिणाऱ्यांत जर्मन, जपानी, ब्राझीलचे लोक आहेत, अनेकांचं इंग्रजी आपल्यासारखंच. बालाघाट काकांनी सांगितलेल्या चार गोष्टी त्यात असल्या की पुरे.

क्रम सांगतो. डब्ल्यूएनपीपी-अलर्टनं स्वतः वापरतोस असं एक पॅकेज शोध. सोर्स उतरव आणि काही न बदलता आधी आहे तसं बांधून बघ. मग एसबिल्डमध्ये बांध. एसबिल्ड रिकाम्या, स्वच्छ वातावरणात फक्त कंट्रोल फाइलीत लिहिलेल्या गोष्टी घेऊन बांधतो, त्यामुळं एखादं अवलंबित्व लिहायचं राहिलं असेल तर तिथंच उघडं पडतं. त्यानंतर वॉच फाइल बघ. नवी आवृत्ती कुठं शोधायची हे तिच्यात लिहिलेलं असतं, आणि यूस्कॅन ती वाचून नवा टारबॉल आणून देतो. जुन्या अनाथ पॅकेजांत ही फाइल बऱ्याचदा बंद पडलेल्या साइटकडं बोट दाखवत असते. ती दुरुस्त करणं हेच कित्येकांचं पहिलं योगदान असतं. मग चेंजलॉगमध्ये काय बदललं ते लिही, लिंटियन (पॅकेजातल्या चुका दाखवणारं साधन) चालव, आणि मेंटर्सच्या साइटवर चढवून स्पॉन्सर माग. अपलोडचा अधिकार नसला तरी चालतं, स्पॉन्सर तपासून स्वतःच्या सहीनं चढवतो.

पहिल्या पत्राचा मसुदा इथं टाक. आपण सगळे बघू.

——

मांजराकाठ, लातूर | पुढच्या महिन्यातला रविवार, रात्री ८:३०

मंडळी, टायपिंगच्या पॅकेजची हकीकत.

स्पॉन्सर मिळाले. त्यांनी माझ्या ओळीपेक्षा कॉपीराइट फाइल जास्त बारकाईनं वाचली. सोर्समध्ये कळ दाबल्यावर वाजणाऱ्या आवाजांची एक डिरेक्टरी आहे, तिचं लायसन्स कुठंच लिहिलेलं नव्हतं. मूळ लेखकांना विचारलं. त्यांनी आवाज स्वतःच रेकॉर्ड केल्याचं सांगितलं आणि गिटमध्ये तशी नोंद घातली. मग हेडरचा पॅचही त्यांनीच घेतला, रिकाम्या कंसांचाही घेतला, शब्दवेल ताईंचं मराठीही घेतलं आणि नवी आवृत्ती काढली. म्हणजे तेव्हा माझ्याकडं एकही पॅच सांभाळायला उरला नाही. पॅकेज सांभाळणाऱ्याला याहून चांगलं काय हवं!

अपलोड झाल्यावर डेबियनची बांधणी यंत्रं प्रत्येक आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारावर) ते बांधायला लागली. एएमडी६४, आर्म, रिस्क-व्ही सगळीकडं झालं, एस३९०एक्सवर चाचणी पडली. लॉगमध्ये अपेक्षित गुण ४२ आणि मिळालेले सत्तर कोटींच्या घरात! गोदातीर, तुम्हाला तेव्हा फोनवर विचारलं होतं, तुमचा अंदाज बरोबर निघाला.

——

गोदातीर, नांदेड | रविवार, रात्री ८:५५

बाइटचा क्रम ना? ४२ चे चार बाइट उलटे वाचले की बरोबर ७०,४६,४३,०७२ येतात. एस३९०एक्स मोठा बाइट आधी ठेवतो, आपले लॅपटॉप धाकटा आधी.

——

मांजराकाठ, लातूर | रविवार, रात्री ९:१०

तोच आकडा. गुणांची फाइल वाचताना चार बाइट थेट इंटिजरमध्ये ओतले जात होते. फाइल नेहमी धाकटा-बाइट-आधी क्रमानं लिहायची आणि वाचताना एलई३२टीओएच हे फंक्शन वापरायचं, असा पॅच दिला. स्पॉन्सरनी पोर्टरबॉक्सवर (त्याच प्रकारच्या चाचणी यंत्रावर) चालवून पाहिला, पास झाला. दुसरी पुनरावृत्ती अपलोड झाली. नव्यानं गंभीर बग आला नाही तर थोड्या दिवसांत टेस्टिंगमध्ये जाईल.

@सुरुवातकर, तुझी वॉच फाइल पाहिली. पॅटर्न बरोबर आहे, फक्त तो बीटा आवृत्त्याही उचलतोय. आवृत्तीच्या नावातली टिल्डची (~) अदलाबदल करणारी ओळ जोड, म्हणजे बीटा ही अंतिम आवृत्तीच्या आधीची धरली जाईल.

——

काळीमाती, परभणी | रविवार, रात्री ९:४०

अभिनंदन दादा! पण टेस्टिंगमध्ये गेलं तरी ते डेबियन १४ साठी ना? तुमच्या पोरांची यंत्रं तर १३ वर आहेत.

——

मांजराकाठ, लातूर | रविवार, रात्री १०:००

बरोबर ताई, स्टेबलमध्ये आता नवं पॅकेज घुसत नाही. म्हणून टेस्टिंगमध्ये पोचलं की ट्रिक्सी-बॅकपोर्ट्ससाठी बांधणार आहे. पहिल्या वेळी बॅकपोर्ट्सची मंडळी ते हातानं तपासून आत घेतात, त्याला लागेल तेवढा वेळ लागू दे. तोवर लॅबमध्ये माझी हातानं बांधलेली डेब चालूच आहे. तिचा आवृत्ती क्रमांक मी टिल्ड लावून मुद्दाम खालचा ठेवलाय, म्हणजे बॅकपोर्ट्सवरून मागवलं की खरं पॅकेज आपोआप तिच्यावर बसेल.